नरसिंह रावांनी काय लिहिलं आणि कुठे थांबले

आज एका माजी पंतप्रधानांच्या पुस्तकांबद्दल बोलू. पदावर असताना केलेल्या भाषणांचे जे जाडजूड संग्रह निघतात ना, ते सरकारी कपाटात सुखाने नांदतायत, त्यांना तिथेच राहू दे. खुर्ची गेली, दारातली गर्दी ओसरली, त्यानंतर हा माणूस लिहायला बसला तेव्हा त्याने काय लिहिलं, हे मला बघायचंय. माणूस म्हणजे पी. व्ही. नरसिंह राव. २१ जून १९९१ ते १६ मे १९९६, पूर्ण पाच वर्षं पंतप्रधान, तेही सुरुवातीला हातात बहुमत नसताना.

त्यांच्या कारकिर्दीत काय काय घडलं, ते आठवून बघा. परकीय चलन संपत आलेलं, सोनं गहाण टाकायची वेळ आलेली, मग आर्थिक सुधारणा, रुपयाचं अवमूल्यन, बाबरी मशीद पाडली गेली ती घटना, मुंबईतल्या दंगली, बॉम्बस्फोट. तुमच्या हातातल्या फोनपासून तुमच्या नोकरीपर्यंत बऱ्याच गोष्टींची मुळं त्या पाच वर्षांत सापडतात. त्यामुळे १९९८ मध्ये रावांचं पुस्तक येतंय म्हटल्यावर लोकांना वाटलं, आता सगळं कळणार.

आणि आली ती कादंबरी! ‘द इनसायडर’. इंग्रजीत, सातशेपेक्षा जास्त पानांची. प्रकाशन कोणी केलं, तर त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी. कादंबरीचा नायक आनंद. तो अफरोझाबाद नावाच्या राज्यातला. नकाशात हे राज्य शोधू नका, मिळणार नाही. पण निजामासारख्या राजाची सत्ता, मग स्वातंत्र्य, मग निवडणुका, मंत्रिपद, मुख्यमंत्रिपद हा आनंदचा प्रवास बघितला की कोणीही ओळखेल, हे तर रावांचंच आयुष्य. गंमत म्हणजे राज्यातली माणसं बदललेल्या नावांनी येतात आणि नेहरू, इंदिरा गांधी मात्र स्वतःच्याच नावाने.

मला या कादंबरीतला सगळ्यात जिवंत भाग वाटतो तो राज्याच्या राजधानीतला. मंत्रिमंडळात कोणाला घ्यायचं, कोणाला लटकत ठेवायचं, मुख्यमंत्री दिल्लीतून कसा ठरतो, आज गळ्यात पडणारा उद्या सह्यांची मोहीम कशी चालवतो, हे सगळं आतून बघितलेला माणूस सांगतोय. आमदारांच्या पळवापळवीच्या बातम्या बघून ज्यांना वाटतं की हे सगळं आत्ता आत्ता सुरू झालं, त्यांनी तर जरूर वाचावं. आणि मध्यावर आहे जमिनीचा प्रश्न. त्यामागची खरी हकीगत माहीत असली की तो भाग जास्त समजतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

राव १९७१ मध्ये आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. ते स्वतः जमीनदार घरातले. १९७२ मध्ये त्यांनी कमाल जमीनधारणेचा कायदा पुढे रेटला, म्हणजे अमुक एकरांपेक्षा जास्त जमीन कोणाकडे राहणार नाही. आता सभागृहात समोर बसलेत कोण? त्यांच्याच पक्षातले मोठे जमीनदार. त्यातच ऑक्टोबर १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुल्की नियम वैध ठरवले. तेलंगणातल्या सरकारी नोकऱ्यांत स्थानिकांना प्राधान्य, असे ते जुने निजामकालीन नियम. रावांनी निकालाचं स्वागत केलं आणि किनारी आंध्र पेटला, ‘जय आंध्र’ आंदोलन सुरू झालं. जानेवारी १९७३ मध्ये राव पायउतार झाले, राष्ट्रपती राजवट आली. नोकऱ्यांचा राग खरा होताच, पण जमीन वाचवायला निघालेल्यांना तो आयताच मिळाला, असं माझं मत आहे.

कादंबरी साधारण इथेच थांबते. म्हणजे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला! पंतप्रधानपद अजून जवळपास अठरा वर्षं लांब. बाजारात गर्दी जमली होती १९९१ आणि १९९२ ऐकायला, आणि वक्ते १९७३ मध्येच पाणी पिऊन खाली बसले. दुसरा भाग कधीच आला नाही.

असं का केलं असेल? एक सरळ कारण तुम्ही दर शपथविधीला टीव्हीवर ऐकता. मंत्री ‘पदाची आणि गोपनीयतेची’ शपथ घेतात ना, त्यातल्या गोपनीयतेला मुदत नसते. पद गेल्यावर ती सुटली, असं कुठे लिहिलेलं नाही. पण हे कारण मला पुरेसं वाटत नाही. इंद्रकुमार गुजराल यांनीही तीच शपथ घेतली होती आणि २०११ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलंच.

दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं. खुर्ची गेल्यानंतर रावांवर एकामागून एक खटले उभे राहिले. १९९८ मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना लोकसभेचं तिकीट दिलं नाही. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याच्या प्रकरणात २००० मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं, २००२ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निर्दोष सोडलं. ज्याच्या प्रत्येक वाक्याकडे वकील डोळे लावून बसलेत, तो आपल्या पंतप्रधानपदाची हकीगत मोकळेपणाने कशी लिहिणार? कादंबरीत निदान ‘हे आनंदने केलं, मी नाही’ म्हणायची सोय असते.

आणि ही सोय रावांना चांगली ठाऊक होती, असं मला वाटतं. त्याचा धागा थेट आपल्याकडे येतो. राव पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकले, कायद्याची पदवी नागपूरची, १९८४ आणि १९८९ मध्ये लोकसभेवर निवडून आले ते रामटेकमधून. मराठी त्यांना उत्तम यायचं. इतकं की हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ त्यांनी तेलुगूत आणली, ‘अबला जीवितम्’ या नावाने. आता आपट्यांची ती कादंबरी कशी लिहिलीय? यमू आपलं आयुष्य स्वतः सांगतेय, जणू आत्मचरित्रच. एका पुरुषाने रचलेली गोष्ट, पण बाईच्या आत्मकथेच्या वेशात. रावांनी पुढे नेमकं उलटं केलं. स्वतःचं आयुष्य घेतलं आणि त्याला कादंबरीचा वेश चढवला. अनुवाद करताना माणूस मूळ लेखकाचं शिवणकाम आतून उसवून बघतो. तिथे हे तंत्र त्यांच्या हाताखालून गेलं होतं.

बरं, अयोध्येबद्दल काहीच लिहिलं नाही का? लिहिलं. पण ते पुस्तक छापलं गेलं २००६ मध्ये आणि राव गेले २३ डिसेंबर २००४ ला. ‘अयोध्या : ६ डिसेंबर १९९२’. ‘द इनसायडर’चा रंगतदार लेखक इथे सापडत नाही, इथे भेटतो नागपूरचा वकील. कलम ३५६, राज्यपालांचं मत, उत्तर प्रदेश सरकारने सुप्रीम कोर्टाला दिलेली हमी, कागदामागून कागद. मुद्दा असा की, कोर्टाला हमी देणारं निवडून आलेलं राज्य सरकार नुसत्या संशयावरून बरखास्त करणं राज्यघटनेत बसत नव्हतं. हा युक्तिवाद न पटणारे खूप आहेत. मला विचाराल तर कायद्याची बाजू पुस्तकात भक्कम आहे, पण त्या दुपारी पंतप्रधानांच्या घरात काय चाललं होतं, हे वाचायला गेलो तर हाती फारसं लागत नाही. शिवाय लेखक गेल्यावर आलेल्या पुस्तकाला उलट प्रश्न कोण विचारणार?

म्हणजे हिशेब बघा. एक पुस्तक पंतप्रधानपदाच्या खूप आधी संपतं, दुसरं एकाच घटनेभोवती फिरतं. मधला सगळा काळ कोरा. १ आणि ३ जुलै १९९१ ला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. दुसरा टप्पा थांबवावा असं रावांच्या मनात आलं होतं, पण निरोप रिझर्व्ह बँकेपर्यंत पोचेतो काम झालं होतं. हे आपल्याला जयराम रमेश यांच्यासारख्या तेव्हा आत असलेल्या इतरांकडून कळतं. २४ जुलैला मनमोहन सिंगांनी अर्थसंकल्प मांडला, सगळ्यांना तोच आठवतो. पण परवाना राज मोडणारं नवं औद्योगिक धोरणही त्याच दिवशी आलं आणि उद्योग खातं होतं खुद्द रावांकडे. अणुचाचणीची तयारी राव करून गेले होते, हे सांगितलं वाजपेयींनी, तेही राव गेल्यावर. स्वतःच्या सगळ्यात मोठ्या कामांचे साक्षीदार दुसरेच!

अशी अर्धी पुस्तकं आणखीही आहेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट कर्जात बुडाले, घशाचा कॅन्सर झाला, तरी कुटुंबासाठी आठवणी लिहून काढल्या आणि हस्तलिखित पुरं होताच काही दिवसांत, जुलै १८८५ मध्ये, गेले. पुस्तक अप्रतिम मानतात, पण ते यादवी युद्धापाशी संपतं, राष्ट्राध्यक्षपदाची आठ वर्षं त्यात नाहीत. आपल्या यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’ १९८४ मध्ये आलं, ते १९४६ पर्यंतच पोचलं. पुढचे ‘सागरतीर’ आणि ‘यमुनाकाठ’ ठरलेले होते, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव गेले. मुंबई आणि दिल्ली लिहायचीच राहिली. त्या दोघांना मरणाने थांबवलं. रावांकडे मात्र १९९८ नंतर सहा वर्षं होती. म्हणून त्यांचं गप्प राहणं मला जास्त टोचतं.

वाचायचं असेल तर ‘द इनसायडर’ सुरुवातीपासून नेटाने वाचायचा हट्ट धरू नका, मध्ये कंटाळा येतो आणि तो पुस्तकाचा दोष आहे. आनंद आमदार होतो तिथून सुरू करा, जमिनीच्या कायद्यापर्यंत जा. मग विनय सीतापती यांचं ‘हाफ लायन’ घ्या, २०१६ चं. रावांचे खासगी कागद त्यांना बघायला मिळाले होते, त्यामुळे कोऱ्या पाच वर्षांतलं बरंच काही तिथे सापडतं. आणि ‘पण लक्षांत कोण घेतो!’ तर घरातल्या जुन्या कपाटात असेलच, नसेल तर गावच्या ग्रंथालयात नक्की. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.