ग्रंथालयातला किशोरांचा कट्टा

अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत बालविभाग आणि प्रौढांचा विभाग यांच्या जोडीला बहुधा आणखी एक विभाग असतो: बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचा. लहान गावात त्याच्या वाट्याला एखादा कोपरा येतो, तर मोठ्या शहरात प्रशस्त दालन. पुस्तके तिथे असतातच. पण त्यांच्याभोवती फासे, पत्ते, रंग, शिलाई यंत्रे, माइक आणि संगणक असा पसाराही मांडलेला असतो. भिंतीवरच्या वेळापत्रकात वाचनमंडळ, लेखनगट, बुद्धिबळ, मंगा क्लब, कवितावाचन, कोडिंग अशी नावे दिसतात. बहुतेक कार्यक्रमांना फी नसते आणि हजेरीची सक्ती तर कुणावरच नसते.

या वयाला वेगळी जागा लागते याचे कारण साधे आहे. बालविभागातल्या बुटक्या खुर्च्यांत या मुलांचे गुडघे मावत नाहीत आणि मोठ्यांच्या वाचनकक्षात जरा मोठ्याने हसले तरी माना वळतात. बऱ्याच शाळा दुपारी तीनच्या आसपास सुटतात. आईवडील कामावरून परतेपर्यंतचे दोन-तीन तास मोकळे असतात. मॉलमध्ये जायचे तर खिशात पैसे हवेत. उत्तरेकडच्या राज्यांत थंडीच्या दिवसांत मैदानही उपयोगाचे नाही. काही विकत न घेता, कुणाला कारण न सांगता तासन्‌तास बसता येईल अशी जागा गावात एकच उरते, ती म्हणजे ग्रंथालय.

या कामाला आता शंभर वर्षे होऊन गेली आहेत. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत मेबल विल्यम्स यांनी १९१९पासून किशोर वाचकांसाठीची स्वतंत्र सेवा उभी केली. १९२९पासून तिथे या वयाच्या वाचकांसाठी दरवर्षी निवडक पुस्तकांची यादी निघू लागली. क्लीव्हलंडच्या सार्वजनिक ग्रंथालयाने १९२५मध्ये किशोरांसाठी खास दालन उघडले आणि त्याला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे नाव दिले. बाल्टिमोरच्या ग्रंथालयात मार्गारेट एडवर्ड्स यांनी मुले येण्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या घोडागाडीत पुस्तके भरून शहरातल्या गरीब वस्त्यांमध्ये फिरल्या. किशोरांना रुचतील अशा प्रौढांसाठीच्या दहा पुस्तकांना दरवर्षी मिळणारा ‘ॲलेक्स’ पुरस्कार त्यांच्याच टोपणनावाने दिला जातो. न्यू यॉर्कमध्येच १९४१ साली नेथन स्ट्रॉस शाखा केवळ मुलांसाठी आणि किशोरांसाठी सुरू झाली. तिथल्या ग्रंथपाल मार्गारेट स्कॉगिन यांनी रेडिओवर असा कार्यक्रम चालवला, ज्यात शाळकरी मुले पुस्तकांवर बिनधास्त मते मांडत. १९५७मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने या सेवेसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि किशोरांचा ग्रंथपाल ही एक वेगळी वाट ठरली.

किशोरांच्या विभागातला सर्वांत जुना उपक्रम म्हणजे वाचनमंडळ. ‘सर्वांनी एकच पुस्तक वाचून यायचे’ ही पद्धत या वयात फारशी टिकत नाही, कारण त्याला अभ्यासाचा वास येतो. म्हणून अनेक ठिकाणी ज्याने जे वाचले असेल ते दोन-तीन मिनिटांत इतरांना सांगायचे, असा प्रघात आहे. पुस्तक आवडले नाही हेही मोकळेपणी सांगता येते. काही ग्रंथालये पुस्तके खाकी कागदात गुंडाळून ठेवतात आणि वर फक्त चार शब्द लिहितात: ‘बेट, खून, दोन बहिणी’ असे काहीतरी. मुखपृष्ठ पाहून पुस्तक बाजूला सारण्याची सोयच उरत नाही. शाळाशाळांचे संघ ठरावीक पुस्तके वाचून प्रश्नमंजूषेत उतरतात, अशा स्पर्धाही रंगतात. देशभरातल्या निवडक वाचनमंडळांना नव्या पुस्तकांची नावे सुचवण्याचा मान मिळतो. त्यांतून किशोरांच्याच मतांनी वर्षातली दहा आवडती पुस्तके ठरतात.

लेखनगटांत कविता, गोष्टी, चित्रकथा लिहिल्या जातात. कोऱ्या कागदाला घाबरणाऱ्यांसाठी एक युक्ती सर्रास वापरली जाते. संग्रहातून काढून टाकलेल्या जुन्या पुस्तकांची पाने आणि काळे मार्कर टेबलावर ठेवतात. प्रत्येकाने एक पान उचलायचे, त्यातले मोजके शब्द चौकटीत घ्यायचे आणि बाकीचे पान काळे करून टाकायचे. समजा, मोटार दुरुस्तीच्या जुन्या पुस्तकातले एखादे पान हाती लागले. त्यातले ‘थंड सकाळ’, ‘सुरू होत नाही’, ‘थोडा धीर धरा’ एवढेच शब्द राखले, की शाळेत जायचा कंटाळा आलेल्या मुलाची कविता तयार होते. शब्द आधीच समोर असल्यामुळे काय लिहू हा प्रश्न पडत नाही. फक्त निवड करायची असते.

सर्वांत जास्त गजबज मात्र खेळांच्या टेबलांवर असते. बुद्धिबळ आणि पत्ते यांच्याबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४मध्ये अमेरिकेत निघालेला खेळ अनेक ग्रंथालयांत आठवड्याचा ठरलेला कार्यक्रम असतो. या खेळात सोंगट्यांपेक्षा बोलणे महत्त्वाचे. एक जण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो: गुहेच्या तोंडाशी राक्षस झोपला आहे, काय करता? कुणी म्हणतो, पाय न वाजवता आत शिरतो. मग वीस बाजूंचा फासा टाकला जातो. १७ पडले तर निभावले. ३ पडले तर पायाखाली काटकी मोडते आणि राक्षस डोळे उघडतो. पुढे काय घडले ते सूत्रधाराने तिथल्या तिथे रचायचे. दोन तास पाच-सहा मुले मिळून एक गोष्ट घडवत असतात. नियमांचे जाडजूड पुस्तक त्यांनी कुणी न सांगता वाचलेले असते. वर्गात तोंड न उघडणारी मुलेही इथे पात्राच्या तोंडून बोलतात.

मंगा आणि ॲनिमे यांचे क्लब असेच लोकप्रिय आहेत. जपानी चित्रकथा मागच्या पानापासून, उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात आणि एकेका मालिकेचे कित्येक खंड असतात. सगळे विकत घेणे मुलांच्या खिशाला परवडत नाही, त्यामुळे ग्रंथालयातल्या त्या फळ्या सतत रिकाम्या होतात. क्लबात चित्रपट पाहणे, पात्रांची चित्रे काढणे, जपानी खाऊ चाखणे आणि आवडत्या पात्राचा पोशाख स्वतः शिवून घालणे हे सारे चालते. शिलाई यंत्राचा पहिला धडा अनेकांना याच निमित्ताने मिळतो.

तंत्रज्ञानाची जोड मिळाल्यावर ही जागा कशी बदलते, याचे गाजलेले उदाहरण शिकागोत आहे. हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात २००९मध्ये मॅकार्थर फाउंडेशनच्या मदतीने ‘यूमीडिया’ हे किशोरांचे दालन सुरू झाले. जागा सुमारे साडेपाच हजार चौरस फूट. पुस्तकांच्या शेजारी कॅमेरे, संगीतासाठी ध्वनिमुद्रणाची खोली, संगणक आणि मदतीला लेखक, चित्रकार, संगीतकार. दालनाची आखणी मानववंशशास्त्रज्ञ मिझुको इटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासावर बेतलेली होती. मुले आधी मित्रांसोबत नुसती येऊन बसतात, मग हाताशी असलेल्या साधनांशी खटपट करतात आणि त्यातली काही एखाद्या विषयात पुरती बुडून जातात, असे तो अभ्यास सांगतो. त्यामुळे नुसते बसायला येणाऱ्या मुलाला इथे कुणी हटकत नाही. ती पहिली पायरी मानली जाते. ‘ब्रदर माइक’ या नावाने ओळखले जाणारे कवी माइक हॉकिन्स इथल्या खुल्या मंचाचे मार्गदर्शक होते. त्या मंचावर कविता आणि रॅप सादर करणाऱ्या शाळकरी मुलांत पुढे ‘चान्स द रॅपर’ म्हणून नाव कमावलेला गायक होता. त्याच्या पहिल्या ध्वनिसंग्रहाचे काही काम याच दालनात झाले आणि २०१७मध्ये त्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. यूमीडियाचा प्रयोग नंतर शिकागोच्या इतर शाखांतही पोहोचला.

२०११च्या सुमारास न्यू यॉर्क राज्यातल्या फेयेटव्हिल या छोट्या गावच्या ग्रंथालयाने थ्रीडी प्रिंटर आणि इतर यंत्रे असलेली कार्यशाळा उभी केली. त्यानंतर अशा जागा देशभर झाल्या. सगळीकडे महागडी यंत्रे नसतात. पुठ्ठे, बॅटरी, छोटे दिवे आणि मोटारी यांतूनही दुपार सहज जाते. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहराने २००५मध्ये ग्रंथालय आणि बालनाट्यगृह एकाच छताखाली आणले. ‘इमॅजिनऑन’ या इमारतीत किशोरांचे स्वतंत्र दालन आणि ॲनिमेशनचा स्टुडिओही आहे.

या सगळ्या उपक्रमांचा कणा म्हणजे किशोर सल्लागार मंडळ. साधारण महिन्यातून एकदा दहा-पंधरा मुले टेबलाभोवती बसतात. पिझ्झा बहुधा ग्रंथालयाचा. कोणती पुस्तके घ्यायची, कोणता क्लब बंद करायचा, परीक्षेच्या काळात दालन किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे, यावर त्यांचे मत घेतले जाते. दालनातल्या वागणुकीचे नियमही काही ठिकाणी मुलेच लिहितात, आणि स्वतः लिहिलेले नियम ती अधिक पाळतात. याशिवाय मुले स्वयंसेवक म्हणून काम करतात: लहानांना गोष्टी वाचून दाखवणे, ज्येष्ठांना मोबाइल शिकवणे, पुस्तके जागेवर लावणे. मेरिलंड राज्यात शालान्त पदवीसाठी ७५ तासांची समाजसेवा सक्तीची आहे. ग्रंथालयात केलेल्या कामाने ती अट पुरी करता येते.

उन्हाळ्याच्या लांब सुटीत वाचनाचे खास उपक्रम असतात. वाचलेल्या तासांवर चिठ्ठ्या मिळतात आणि शेवटी सोडत निघते. लॉस एंजेलिस काउंटीच्या ग्रंथालयांनी २०१७मध्ये एक वेगळीच सवलत दिली. पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड साचलेल्या मुलांनी ग्रंथालयात बसून तासभर वाचले की पाच डॉलर माफ. दंडाच्या धास्तीने दूर गेलेली मुले परत यावीत, हा हेतू होता. सुटीत शाळेतले जेवण बंद होते, म्हणून अनेक ग्रंथालये सरकारी योजनेतून मुलांना मोफत जेवण किंवा खाऊही देतात. पोटात काही नसेल तर वाचनात मन लागत नाही, हे तिथल्या ग्रंथपालांनी ओळखले आहे.

अडचणीही कमी नाहीत. किशोरांचा गोंगाट हे मोठ्या वाचकांचे ठरलेले गाऱ्हाणे. म्हणून नव्या इमारतींत हे दालन काचेच्या भिंतीआड किंवा वेगळ्या मजल्यावर ठेवतात. सुरक्षेसाठी अनेक ठिकाणी प्रौढांना या विभागात पुस्तक घेण्यापुरतेच येऊ देतात. एखाद्या क्लबला पहिल्या आठवड्यात वीस मुले येतात आणि चौथ्या आठवड्यात तीन. त्या तिघांसाठीही टेबल मांडून ठेवणारा ग्रंथपालच पुढे क्लब उभा करतो. अलीकडे काही राज्यांत शाळांच्या आणि गावांच्या ग्रंथालयांतून किशोरांची पुस्तके काढून टाकण्याची मागणी वाढली आहे. त्याला उत्तर म्हणून ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने २०२२मध्ये देशभरातल्या १३ ते २१ वयोगटाला आपल्या ई-पुस्तकांचे मोफत सभासदत्व देऊ केले.

या अमेरिकन परंपरेचा एक धागा मराठी राज्यकर्त्यापर्यंत येतो. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणले. मुलांच्या वाचनाचा विचार त्यात पहिल्यापासून होता. महाराष्ट्रातही १९६७च्या कायद्यानंतर सरकारी अनुदानावर चालणारी वाचनालये गावोगावी उभी राहिली. त्यांतल्या पुष्कळांत बालविभाग आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासिकेपलीकडे काही नसते.

शिकागोसारखे ध्वनिमुद्रण दालन उभारायला मोठा निधी लागतो. वाचनमंडळाला, काळ्या मार्करच्या कवितांना किंवा फाशांच्या खेळाला तो लागत नाही. एक टेबल, आठवड्यातला एक ठरलेला वार, आवाजाकडे थोडे दुर्लक्ष करणारा ग्रंथपाल आणि काय करायचे ते ठरवण्याचा मुलांचा हक्क, एवढे पुरते. यांतली शेवटची गोष्ट वगळून चालवलेले क्लब सहसा फार दिवस टिकत नाहीत.