बिल नसलेला कारटेप

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका विवाह समारंभासाठी इतवारीत गेलो होतो. अरुंद गल्लीत गाडी नेणे शक्य नव्हते, म्हणून आमची मारुती 800 गांधीबागेकडील रस्त्यावर उभी केली. दिवस उन्हाळ्याचे. गाडी आतून तापू नये म्हणून काच बोटभर खाली ठेवण्याची अनेक नागपूरकरांची सवय मलाही होती. दोन तासांनी परतलो, तेव्हा डॅशबोर्डमध्ये एक चौकोनी भगदाड आणि त्यातून लोंबणाऱ्या तारा एवढेच शिल्लक होते.

पोलीस ठाण्यातील हवालदारांनी विचारले, ‘सेटचा नंबर काय? बिल आहे का?’ मी निरुत्तर झालो. बँकेत कर्जदाराकडे प्रत्येक वस्तूची पावती मागणारा मी. परंतु हा टेप ओळखीच्या एकाकडून निम्म्या किमतीत, कागदाविना घेतला होता. तो इतका स्वस्त कसा, हे विचारण्याचे मी सोयीस्करपणे टाळले होते. त्या रात्री प्रथमच मनात आले, की माझ्या टेपसाठी कदाचित अन्य कोणाच्या गाडीत असेच भगदाड पडले असेल.

मोटारीतील रेडिओ सर्वपरिचित झाला तो 1930 मध्ये, अमेरिकेतील गॅल्विन बंधूंच्या ‘मोटोरोला’मुळे. पुढे जर्मन मानकानुसार सेटचे तोंड साधारण 18 सेंटिमीटर रुंद व 5 सेंटिमीटर उंच असे ठरले. त्यामुळे कोणताही सेट कोणत्याही गाडीत बसू लागला. ग्राहकाची सोय झाली, तशीच चोराचीही. कारण काढलेला माल कोठेही खपू लागला. 1980 च्या दशकात न्यूयॉर्कमधील मोटारमालक ‘गाडीत रेडिओ नाही’ अशा पाट्या काचेवर लावीत असत.

यावर कंपन्यांनी उपाय शोधले. काही सेटचा दर्शनी भाग काढून खिशात नेता येतो. मात्र तो काढून गाडीतल्याच खणात ठेवला, तर उपयोग काय? काही सेटना सांकेतिक अंक असतो. बॅटरीची जोडणी तुटल्यावर तो अंक दिल्याविना सेट सुरू होत नाही. त्याचे कार्ड गाडीत न ठेवता घरी ठेवावे. अलीकडील अनेक गाड्यांतील कंपनीचे स्क्रीन त्या विशिष्ट गाडीशीच जोडलेले असतात. दुसऱ्या गाडीत ते सहजी चालत नाहीत. धोका अधिक आहे तो बाहेरून बसविलेल्या सेटला. तो बसविताना बाहेरच्या चौकटीचे पत्रे नीट दुमडून घ्यावेत आणि मागील बाजूने पट्टी व बोल्टने आवळून घ्यावे. सहज ओढून निघणारा सेट चोराला अधिक सोयीचा असतो.

काचांना काळी फिल्म लावून आतील वस्तू झाकण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निर्णयाने बंद झाला. तेव्हा गाडी उजेडात, वर्दळीच्या जागी उभी करावी व काचा पूर्ण लावाव्यात. चातुर्मासात प्रवचनाच्या वेळी गाड्यांची रांग ठरावीक जागी, ठरावीक वेळ उभी असते, हे आपल्याप्रमाणे इतरांनाही ठाऊक असते. आळीपाळीने एखाद्या तरुणाने बाहेर लक्ष ठेवावे.

आता विम्याविषयी. केवळ तृतीय पक्ष विम्यात ही चोरी येत नाही. नंतर बसविलेला सेट पॉलिसीत स्वतंत्र नोंदवावा लागतो; त्यासाठी त्याच्या किमतीच्या साधारण 4 टक्के जादा हप्ता पडतो. तरीही दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता 8,000 रुपये व ‘नो क्लेम बोनस’ 50 टक्के आहे. दावा केल्यास ही सूट शून्यावर येते आणि पुढे 20, 25, 35, 45 अशी वर्षागणिक चढते. मूळ हप्ता तोच धरला, तर पाच वर्षांत एकूण 10,000 रुपयांची सूट गमावली जाते. सात हजारांच्या टेपसाठी हा व्यवहार तोट्याचाच. पोलिसांत तक्रार मात्र अवश्य द्यावी. प्रथम खबरीची प्रत विनामूल्य मिळते. सेटचा नंबर, छायाचित्र व बिल घरी जपलेले असेल, तरच सापडलेला माल आपला म्हणून सिद्ध करता येतो.

हे झाले चोराविषयी. परंतु घेणारा नसेल, तर चोर सेट काढील कशाला? चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तसे मानण्यास कारण असताना अप्रामाणिकपणे घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 अन्वये गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. आपल्याकडे अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘तदाहृतादान’, म्हणजे चोराने आणलेली वस्तू घेणे, पूर्वीपासूनच गणलेले आहे. आपण व्यापारी माणसे. बिलाविना आलेल्या स्वस्त मालाचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या चोरीनंतर आठवड्याभरात एका गृहस्थाने मला ‘अगदी तसाच’ टेप निम्म्या किमतीत देऊ केला. या वेळी मी बिल मागितले. तो हसून निघून गेला. पुढचा टेप मी दुकानातून पूर्ण किमतीला घेतला. तो टेप केव्हाच बंद पडला. त्याचे बिल मात्र अजून माझ्या फायलीत आहे.