बाजाराआधी पोहोचलेली तार

भारतात सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. संशोधकांचे संगणक त्याच्या कितीतरी आधी एकमेकांशी जोडले गेले होते. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हे संशोधन-शिक्षणाचे संगणक-जाळे उभारायला घेतले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था त्यात होत्या. ग्राहक मोजके आणि नफ्याचे नाव नाही, अशा कामात पहिला पैसा सरकारलाच घालावा लागतो, हे त्यातून दिसले.

आता जोडणी स्वस्त झाली, मग सरकारी व्यवस्था कशाला, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा आहे. तार स्वस्त झाली, पण तिच्यावरून येणारे संशोधन महागच राहिले. परदेशी नियतकालिकांची वर्गणी लहान विद्यापीठाला एकट्याने पेलत नाही. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्फ्लिबनेट’ने म्हणूनच ग्रंथालये जोडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सामूहिक वर्गणीसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. एवढा पैसा प्रकाशकांच्या खिशात जातो, ही तक्रार रास्त आहे. तिला उतारा म्हणजे ‘इन्फ्लिबनेट’चेच ‘शोधगंगा’: भारतीय विद्यापीठांतील पीएचडीचे प्रबंध तिथे कोणालाही विनामूल्य वाचता येतात.