कोंभाळण्याचा वाल आणि बँकॉकचा करार

अकोले तालुक्यातल्या माझ्या आजोळी मृगाच्या आधी एक मडके उतरवले जायचे. शेणमातीने लिंपलेले त्याचे तोंड आजी उलथण्याच्या टोकाने खरवडायची. आत चुलीतली राख, कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि राखेत घोळलेले वालाचे बी. मूठभर बी सुपात घेऊन ती पाखडायची, तेव्हा खरे रंग दिसायचे. काही दाणे पांढरे, काही तांबूस, एखाद्यावर काळा शिंतोडा. ते वेगळे काढू का, असे मी विचारले, तर म्हणाली, "राहू दे. समदं येकसारखं पेरलं अन् रोग आला, तर खायचं काय?"

याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई सोमा पोपेरे आता साऱ्या देशाला ठाऊक आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी बाईने वाल, घेवडे, भात, नाचणी, रानभाज्या यांचे गावरान वाण आपल्या मातीच्या घरात जपले. 'बाएफ' संस्थेची साथ मिळाली, घराची बियाणे बँक झाली आणि पुढे पद्मश्री आली. पण त्यांचे वर्णन बहुतेक वेळा 'जुने जपणारी' असे होते. मला तो शब्द अपुरा वाटतो. कोणता वेल आधी फुलला, कोणत्या शेंगेला कीड कमी लागली, कोणता दाणा लवकर शिजतो हे वर्षानुवर्षे पाहून पुढच्या पेरणीचे बी निवडणे हे नवनिर्माणच आहे. आंतरराष्ट्रीय व्यापार करारांच्या भाषेत मात्र त्याला नाव नाही.

४ नोव्हेंबर २०१९ रोजी भारताने बँकॉकमध्ये 'आरसेप' या मुक्त व्यापार करारातून अंग काढून घेतले. आसियानचे दहा देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत अशा सोळा देशांची बोलणी त्याआधी सात वर्षे चालली होती. आपल्याकडे तेव्हा चर्चा झाली ती दुधाची, आणि ते साहजिकच होते. अकोले ज्यात येते तो अहिल्यानगर जिल्हा म्हणजे राज्यातला दुधाचा बालेकिल्ला. स्वतःचे बहुतांश दूध निर्यात करणाऱ्या न्यूझीलंडची पावडर कमी शुल्कात आली असती, तर संगमनेर-राहात्याच्या गोठ्यांचे काय झाले असते हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

दुधाच्या गदारोळात बियाण्याचे प्रकरण मागे पडले. वाटाघाटींच्या मसुद्याचा बौद्धिक संपदेचा भाग २०१५ मध्ये बाहेर फुटला, तेव्हा दिसले की सर्व सदस्यांनी 'युपोव'चा १९९१ चा करार स्वीकारावा, असा काही देशांचा आग्रह होता. नव्या वाणांच्या पैदासकारांचे हक्क ठरवणारी ही व्यवस्था १९६१ मध्ये पॅरिसला जन्मली. १९९१ च्या सुधारणेने पैदासकाराचा हक्क किमान २० वर्षांचा, झाडे आणि वेलींसाठी २५ वर्षांचा केला. संरक्षित वाणाचे बी शेतकऱ्याने स्वतःच्याच रानासाठी राखावे की नाही, हेही प्रत्येक देशाच्या मर्जीवर आणि मर्यादेत ठेवले. शेजाऱ्याला ते विकण्याची मोकळीक त्यात नाही.

भारताने वेगळी वाट धरली होती. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकरी संरक्षित वाणाचे बीही राखू शकतो, पुन्हा पेरू शकतो, देवघेव करू शकतो, विकूही शकतो. अट एकच, ते ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. या कलमाचे मोल २०१९ मध्ये गुजरातेत कळले. पेप्सिको कंपनीने आपल्या 'एफएल २०२७' या बटाट्याच्या वाणासाठी तिथल्या शेतकऱ्यांना कोर्टात खेचले, त्यांच्यातल्या काहींकडे एक कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर संताप उसळला, शेतकऱ्यांच्या बाजूने याच कलमाचा आधार मांडला गेला आणि काही आठवड्यांत दावे मागे घेतले गेले.

नेमकेपणाने सांगायचे, तर 'युपोव' स्वीकारल्याने राहीबाईंच्या मडक्यांवर जप्ती येणार नव्हती. त्यांचा वाल कुणा कंपनीचा संरक्षित वाण नाही. धोका जास्त खोल आहे. संरक्षण मिळवायला वाण नवा, वेगळा, एकसारखा आणि स्थिर असावा लागतो. आजीच्या सुपातले ते पांढरे-तांबूस दाणे 'एकसारखा' या अटीवरच नापास होतात, आणि त्यांची ताकद तर त्या मिसळीतच असते. आपल्या कायद्यात शेतकरी वाणाची स्वतंत्र नोंदणी आहे, एकसारखेपणात काही सवलतही आहे. ही खिडकी करारात बंद झाली, की गावात घडणाऱ्या निवडीला कायद्याच्या लेखी अस्तित्वच उरत नाही.

निवड गावात घडते तशी सरकारी संशोधनातही घडते, म्हणून आता याच जिल्ह्यातल्या राहुरीकडे वळतो. तिथल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, जर्सी आणि होल्स्टीन यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय घडवली. डाळिंबाची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. पुण्याच्या गणेशखिंडीतला जुना 'गणेश' आणि परदेशी 'गुल-ए-शाह रेड' यांच्या संकरातून निवडून 'भगवा' पुढे आला. २००३-०४ च्या सुमारास तो शेतकऱ्यांच्या हाती पडला, आणि गुटी कलमांनी बांधाबांधावरून पसरत गेला. कुणी त्याला शेंदरी म्हटले, कुणी मस्तानी, कुणी जय महाराष्ट्र. ज्या वाणाला शेतकरी आपापली नावे देतात, तो किती मोकळेपणाने फिरला असेल! परदेशी रक्त, सरकारी संशोधन आणि शेतकऱ्यांची कलमे अशा तिघांचे ते काम आहे. रॉयल्टीच्या पावतीवाचून भगव्याने दुष्काळी तालुक्यांत पैसा आणला.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. शेजारच्या नाशिकचे द्राक्ष उत्पादक अनेक वर्षे तक्रार करतात, की जगात नवे, पावसाला टिकणारे, रंगीत वाण येत असताना आपण थॉमसन सीडलेसच्या पिढ्या काढत बसलो. हक्क सांभाळले जातील याची खात्री नसेल, तर परदेशी पैदासकार रोप देत नाही. 'सह्याद्री फार्म्स'ने रॉयल्टीचा करार करून 'आरा' वाण आणले, ते म्हणूनच. ज्याने पंधरा वर्षे एका वेलीवर घालवली, त्याचा मोबदला नाकारावा असे मलाही वाटत नाही. भगव्याच्या बागांवर तेल्या आणि मर रोग पसरले तेव्हा एकाच वाणावर विसंबण्याची किंमत आपण मोजलीच आहे. नवे वाण हवेतच. माझे भांडण संरक्षणाशी नाही, एकाच साच्याच्या सक्तीशी आहे.

साचा बदलता येतो, हे न्यूझीलंडने दाखवले आहे. २०१८ च्या अखेरीस लागू झालेल्या 'सीपीटीपीपी' या प्रशांत महासागरी करारात 'युपोव १९९१'ची अट उघड होती. न्यूझीलंडने माओरी लोकांशी केलेल्या वैतांगी तहाची जबाबदारी पुढे करून आपल्यापुरती सूट मिळवली. २०२२ च्या त्यांच्या कायद्यात स्थानिक वनस्पतींवरून केलेल्या वाणांबाबत माओरी समितीचे मत निर्णायक ठेवले आहे. ज्या देशाच्या दूध पावडरीला आपण घाबरलो, त्याच देशाकडून हे शिकण्यासारखे आहे. 'आरसेप'च्या अंतिम मसुद्यातही पुढे 'युपोव'ची सक्ती उरली नाही, वाणांच्या संरक्षणाची स्वतःची परिणामकारक व्यवस्था असली म्हणजे पुरे, असे ठरले. १५ नोव्हेंबर २०२० रोजी पंधरा देशांनी त्यावर सह्या केल्या. वाटाघाटीत नेटाने नाही म्हटले की शब्द बदलतात.

त्यामुळे यापुढच्या प्रत्येक मुक्त व्यापार कराराच्या वेळी मी शुल्काच्या तक्त्याआधी बौद्धिक संपदेचे प्रकरण उघडून पाहीन. आणि त्याच वेळी राहुरीच्या पैदासकारांना पुरेसा निधी मिळतो का, हेही विचारीन. सरकारी वाण आटले, की ३९ वे कलम शाबूत असूनही शेतकऱ्याच्या हाती राखायला बी उरणार नाही.

कोंभाळण्याच्या बियाणे बँकेत बी नेणाऱ्याशी होणारा व्यवहार तोंडीच असतो. जेवढे नेले त्याच्या दुप्पट सुगीनंतर आणून द्यायचे. परत आलेल्या बियात नेलेल्यापेक्षा एखादा रंग जास्त असतो. तोही मडक्यात जातो, वरून राख पडते आणि तोंड लिंपले जाते.