शिमोन व लेवी यांचा सूड

उत्पत्तीच्या 34 व्या अध्यायातील कथा मुलाबाळांदेखत मोठ्याने वाचवत नाही. याकोबाची कन्या दीना हिची अब्रू शखेमने घेतली, आणि मग त्यानेच तिला लग्नाची मागणी घातली. तिच्या भावांनी सुंतेची अट घातली. तिसऱ्या दिवशी नगरातील पुरुष वेदनांनी विव्हळत असता शिमोन व लेवी यांनी त्या सर्वांची कत्तल केली. सुंता ही देवाच्या कराराची खूण. तिचाच सापळा झाला!

डोळ्याबद्दल डोळा हा मोशेचा नियम पुढे आला, तो सूडाला मर्यादा घालावयास. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात त्याच्याही पलीकडे जावयास सांगितले. येथे तर एकाच्या पापासाठी सारे नगर कापले गेले.

याकोबही त्या वेळी न्यायाचे बोलत नाही. शेजारी आपला नाश करतील, एवढीच त्याची धास्ती. मुलगे उलट बहिणीच्या अब्रूचा सवाल टाकतात, आणि अध्याय तेथेच संपतो. दीनेच्या तोंडी मात्र एकही शब्द नाही. तिला कोणी विचारलेच नाही.

बापाचे उत्तर येते ते 49 व्या अध्यायात, मिसर देशातील मरणशय्येवरून. दोघांच्या क्रोधाला तो शाप देतो, आणि त्यांची पांगापांग होईल असे सांगतो. पुढे कनानात लेवीच्या वंशाला स्वतःचा प्रांत मिळाला नाही. शिमोनाचा वाटा यहूदाच्या हद्दीतच पडला.