वाचलं, पण उत्तर राहिलं

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या सेगावात राहायला गेले आणि त्यांच्या मागोमाग टपालाचा ओघही तिकडे वळला. पण बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव आधीपासून होतंच. नावांच्या घोळात पत्रं भलतीकडे जाऊ लागली. शेवटी १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम करण्यात आलं. त्या काळी उत्तराला उशीर झाला की टपालखात्याला दोष देता यायचा. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपने निळ्या खुणा आणल्या आणि तीही सोय गेली. मेसेज पोचला, वाचला आणि तरी उत्तर नाही, हे सगळं पाठवणाऱ्याला बसल्या जागी दिसतं.

एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) असलेल्या माणसाला या निळ्या खुणा फार महागात पडतात.

समजा, वर्ध्याच्या बजाज चौकात उभ्या असलेल्या एका तरुणाला आर्वीच्या मावशीचा मेसेज येतो, "रविवारी येतं का रे? तसा सैपाक करतो." तो वाचतो. मनातल्या मनात 'हो, येतो' असं म्हणतोही. तेवढ्यात मागून ऑटोचा हॉर्न वाजतो, मित्र हाक मारतो, फोन खिशात जातो. डोक्यात मात्र उत्तर देऊन झालेलं असतं. सोमवारी आठवतं तेव्हा पोटात गोळा येतो. आता नुसतं 'सॉरी' कसं लिहायचं? नीट, सविस्तर लिहायला हवं. त्यासाठी निवांत वेळ हवा आणि तो काही मिळत नाही. गुरुवारी पुन्हा मेसेज येतो, "काऊन रे बाप्पा, रागावला का?" आणि मग ते चॅट उघडायचीच भीती वाटू लागते.

असं कधीमधी कुणाचंही होतं. एडीएचडीमध्ये ते रोज होतं आणि आयुष्याच्या सगळ्या कप्प्यांत होतं. हा मेंदूच्या वाढीशी संबंधित विकार आहे. लक्षणं वयाच्या बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, त्यामुळे तिशीत मोबाइल घेतल्यावर जडलेला चाळा म्हणजे एडीएचडी नव्हे. जुळ्यांवरच्या अभ्यासांनुसार त्यात आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर आहे. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज धरला तर प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण सुमारे अडीच ते तीन टक्के. वर्गात न धावणाऱ्या, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुली 'धांदरट' या शिक्क्याखाली वर्षानुवर्षं निदानाशिवाय राहतात.

मेसेजचं उत्तर म्हणजे अंगठ्याचं काम, असं वरून वाटतं. प्रत्यक्षात त्यात बरंच काही दडलेलं असतं. प्रश्न डोक्यात धरून ठेवायचा, निर्णय घ्यायचा, शब्द जुळवायचे, हातातलं काम थांबवायचं आणि नंतर लिहायचं असेल तर योग्य वेळी आठवायचं. एडीएचडीमध्ये नेमक्या याच गोष्टी अडतात. 'आत्ता' आणि 'आत्ता नाही' एवढेच दोन काळ उरतात. त्यात लाज मिसळते. उशीर वाढतो तशी अपेक्षित उत्तराची लांबीही वाढत जाते, सावकाराच्या व्याजासारखी. आळशी माणूस निदान सुखाने झोपतो. हा माणूस त्या न दिलेल्या उत्तराने दिवसभर पोखरला जातो.

इथे सेवाग्रामकडे पुन्हा बघावंसं वाटतं. गांधीजींना काही विकार होता, असं सुचवण्याचा यात हेतू नाही. पण जगभरातून येणाऱ्या पत्रांना त्यांनी एकट्याच्या स्मरणशक्तीवर तोंड दिलं नाही. सचिव म्हणून महादेवभाई देसाई होते, प्यारेलाल होते, राजकुमारी अमृत कौर होत्या. वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना महादेवभाई विदर्भाच्या उन्हात कागदपत्रं घेऊन पायी सेगावला जात-येत असत. गांधीजींची कितीतरी उत्तरं पोस्टकार्डावर मावणारी, दोन-चार ओळींची असत. आणि सोमवारी त्यांचं मौन असे. ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणाला टोचत नसे. पवनारला विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळलं, तेही जाहीर करूनच. सांगून धरलेल्या मौनाचं कुणी वाईट वाटून घेत नाही. न सांगता झालेलं मौनच लागतं.

आजच्या माणसाला यातून घेण्यासारखं बरंच आहे. रोज एखादी ठरलेली वेळ, म्हणजे समजा रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटं, उत्तरांसाठी ठेवायची आणि जवळच्यांना तसं सांगून टाकायचं. 'जेवणाचं ताट उचललं की लगेच तीन उत्तरं', असा एका कृतीला दुसरी बांधणारा बेत नुसत्या निश्चयापेक्षा जास्त टिकतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा 'जर-तर' बेतांवर बरंच संशोधन केलं असून एडीएचडी असलेल्या मुलांनाही त्याचा उपयोग झाल्याचं आढळलं आहे. शेजारी कुणी आपलं काम करत बसलं, तर काहींचं घोडं पटकन पुढे सरकतं. टाइप करायचा कंटाळा असेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवावा.

फोनमध्येही थोड्या सोयी आहेत. वाचलेलं चॅट पुन्हा 'न वाचलेलं' म्हणून ठेवता येतं. अर्थात समोरच्याकडची निळी खूण त्याने पुसली जात नाही. त्या खुणा सेटिंगमध्ये बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये त्या चालूच राहतात. आई, साहेब, घरमालक अशी मोजकी चॅट वर टाचून ठेवावीत. गुड मॉर्निंगच्या फुलांचे ग्रुप बिनदिक्कत मुके करावेत. त्यात कुणाचाही अपमान नाही.

साचलेल्या जुन्या मेसेजांचं काय? माफीचा निबंध लिहू नये. 'उशीर झाला. हो, मी येतो,' एवढं पुरतं. ज्यांची वेळ टळून गेली, ते सोडून द्यावेत. 'बघितलं, नंतर सांगतो' हे मात्र जपून वापरावं, कारण त्याने एक नवं वचन डोक्यावर येतं.

एवढं करूनही नोकरी, परीक्षा, नाती यांवर परिणाम होत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत किंवा मेंदूच्या फोटोत सापडत नाही. लहानपणापासूनची हकिकत विचारून निदान होतं, म्हणून जमल्यास आईवडिलांपैकी कुणाला सोबत न्यावं. औषधं आहेत आणि अनेकांना ती लागू पडतात. पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची. बॉस्टनमध्ये स्टीव्हन सॅफ्रन यांनी औषध घेऊनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वही-कॅलेंडर वापरण्याचं, कामाचे तुकडे पाडण्याचं शिक्षण देणाऱ्या समुपदेशनाने नुसत्या शिथिलीकरणापेक्षा अधिक फरक पडला, असं त्यात दिसलं. आधी फोनवर बोलायचं असेल तर सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

मेसेज पाठवणाऱ्यांनाही एक विनंती. एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तर कधीपर्यंत हवं ते स्पष्ट लिहा, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारण्यात कमीपणा मानू नका. 'का नाही कळवलंस?' यापेक्षा 'हो की नाही, एवढंच सांग' याला उत्तर लवकर येतं. काम फारच तातडीचं असेल तर सरळ फोन करा.