पोत्यांची थप्पी आणि बॉक्सचा मनोरा

“विटांसारखं रचा हो, सांधेमोड करून. इंटरलॉक बसला की हलणार नाही.”

पॅलेटवर माल रचायची गोष्ट निघाली की हे वाक्य येतंच. द्राक्षं पाठवणाऱ्या पॅकहाउसमध्ये येतं, काजूच्या कारखान्यात येतं, बॉक्स विकणाऱ्याच्या दुकानात तर चहाबरोबर येतं. अमेरिकेतल्या कॉस्टको किंवा सॅम्स क्लबसारख्या वेअरहाउस क्लबला, म्हणजे वर्गणी भरणाऱ्या सभासदांच्या गोदामवजा दुकानांना, माल द्यायची स्वप्नं पाहणारे आपले लघुउद्योजकही तेच सांगतात, आणि अशा आत्मविश्वासाने सांगतात की ऐकणारा गप्पच बसतो. मी गप्प बसत नाही, कारण वाक्य चुकीचं आहे. बॉक्सच्या बाबतीत तर ते साफ उलटं आहे.

हा समज आला कुठून? आला पोत्यांतून. उदाहरण म्हणून कावेरीकाठचं तिरुवैयारु घेऊ. मराठी वाचकाला हे गाव त्यागराजांच्या समाधीमुळे आणि तंजावरच्या मराठी राजांमुळे ठाऊक असतं, पण तो सगळा मुलूख भाताचा आहे. हंगामात तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळाच्या खरेदी केंद्रांवर भाताच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात. हमाल एक थर उभा टाकतो, पुढचा आडवा. ते बरोबरच आहे. पोत्याला कोपरा नसतो, कडा नसते. ते दबतं, पसरतं, शेजारच्याला धरून बसतं. आडव्यातिडव्या थरांनीच थप्पी उभी राहते. आपल्याकडच्या बाजार समित्यांतले हमालही हेच करतात आणि पोत्यांपुरतं त्यांना कुणी शिकवायची गरज नाही.

पण कोरुगेटेड बॉक्स म्हणजे पोतं नव्हे, आणि वीटही नव्हे. वीट भरीव असते, तिच्यावर कुठेही भार टाका. बॉक्स पोकळ असतो. वरून भार आला की त्याच्या चार भिंतींचे मधले भाग लगेच बाहेर फुगतात आणि काम सोडतात. खरा भार पेलतात ते चार उभे कोपरे. म्हणून वरच्या बॉक्सचा कोपरा खालच्या बॉक्सच्या कोपऱ्यावर बसला, तर भार कोपऱ्यातून कोपऱ्यात सरळ पॅलेटपर्यंत उतरतो. थर फिरवून सांधेमोड केली की वरचा कोपरा खालच्या बॉक्सच्या भिंतीच्या मध्यावर येतो, म्हणजे नेमका सगळ्यात दुबळ्या जागी.

हे माझं मत नाही. अमेरिकेतल्या फायबर बॉक्स असोसिएशनच्या हँडबुकात, म्हणजे बॉक्स बनवणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुस्तकात, याचे आकडे दिलेले आहेत. कोपऱ्यावर कोपरा ठेवून सरळ खांब रचले तर ताकदीतली घट नगण्य. खांब थोडे सरकले तर 10 ते 15 टक्के घट. इंटरलॉक केलं तर 40 ते 60 टक्के. म्हणजे ज्या रचनेला आपण पक्की म्हणतो ती बॉक्सची जवळजवळ अर्धी ताकद खाऊन टाकते.

“पण आमचे बॉक्स तर आजवर कधी दबले नाहीत,” हा पुढचा मुद्दा ठरलेला. नसतील दबले. मुंबईहून नागपूरला ट्रकने दोन दिवसांत जाणारा माल वेगळा. क्लबसाठीचा माल गोदामात थांबतो, कंटेनरमध्ये चढतो, महिनाभर समुद्रावर असतो, तिकडच्या डेपोत उतरतो, आणि वाटेत बहुतेक वेळा एका पॅलेटवर दुसरं पॅलेट चढवलेलं असतं. हिशेबच मांडू.

समजा, तिरुवैयारुतल्या एखाद्या मिठाईवाल्याने तिथला प्रसिद्ध अशोका, म्हणजे मुगाच्या डाळीचा तो तुपाळ हलवा, एक-एक किलोच्या मऊ प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून पाठवायचा ठरवला. एका बॉक्समध्ये 12 डबे, म्हणजे 12 किलो. बॉक्सचा तळ 16 इंच बाय 12 इंच. अमेरिकन पॅलेट 48 बाय 40 इंचाचं असतं आणि त्यावर असे 10 बॉक्स एका थरात काठोकाठ बसतात : तीन-तीनच्या दोन ओळी आणि चारची एक. सहा थर केले, वर दुसरं तसंच पॅलेट ठेवलं. मग सगळ्यात खालच्या बॉक्सवर आपल्याच पॅलेटचे पाच बॉक्स, म्हणजे 60 किलो. वरच्या पॅलेटचे सहा, म्हणजे 72 किलो. आणि वरच्या लाकडाचा वाटा साधारण 3 किलो. एकूण 135 किलो.

आता बॉक्सवाला सांगतो, “साहेब, हा बॉक्स प्रयोगशाळेत 500 किलो घेतो.” खोटं नाही. फक्त प्रयोगशाळेत 23 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असते, आणि दाब काही मिनिटांपुरता असतो. त्याच हँडबुकाच्या आकड्यांनी, 30 दिवस सतत भार राहिला की 60 टक्के ताकद उरते : 300 किलो. हवेतली आर्द्रता 80 टक्के असेल तर त्यातली 32 टक्के आणखी जाते : 204 किलो. सरळ खांब रचले असतील तर 135 किलोचा भार हा बॉक्स अजूनही पेलतो, फार ऐटीत नाही, पण पेलतो. सांधेमोड केली असेल तर उदार होऊन 40 टक्केच घट धरली तरी उरतात 122 किलो. बॉक्स बसला. अंधाऱ्या कंटेनरमध्ये, कुणाच्या नजरेस न पडता.

आर्द्रतेचं हे गणित आपल्या लोकांना आणखी एका कारणाने चकवतं. पुण्या-नाशकात नोव्हेंबर कोरडा असतो. तिथे नमुना तपासला की सगळं छान दिसतं. तंजावर पट्ट्यात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तोच बॉक्स तिथल्या नोव्हेंबरात भरला तर कागद आधीच ओल पिऊन बसलेला असतो. वर कंटेनरच्या छताला घाम सुटतो तो वेगळाच. आर्द्रता 90 टक्क्यांवर गेली की निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते.

इंटरलॉकवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे : सरळ खांब हलतात. फोर्कलिफ्टने वळण घेतलं की बाहेरची रांग डुलते. पण त्यासाठी सगळ्या थप्पीची ताकद घालवायची गरज नसते. चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे एज बोर्ड लावा, दर दोन-तीन थरांमागे एक पुठ्ठ्याची शीट घाला, बाहेरून स्ट्रेच फिल्म नीट गुंडाळा. अगदी राहवत नसेल तर फक्त सगळ्यात वरचा थर फिरवा. त्याच्यावर भार कमी असतो.

क्लबसाठी हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा का, हे समजायला ती दुकानं कशी चालतात ते पाहावं लागेल. सोल प्राइसने 1976 मध्ये सॅन दिएगोत विमानांच्या जुन्या हँगरमध्ये प्राइस क्लब काढला. सॅम्स क्लब आणि कॉस्टको दोन्ही 1983 चे. सगळ्यांची युक्ती एकच : वस्तू मोजक्या ठेवायच्या आणि मालाला माणसाचा हात कमीत कमी लावायचा. मोठ्या अमेरिकन सुपरमार्केटात वस्तूंचे प्रकार तीस हजारांच्या घरात असतात, कॉस्टकोत चार हजारांहून कमी. तिथे कुणी डबे काढून फळीवर मांडत बसत नाही. फोर्कलिफ्ट पॅलेट आणून ठेवते, कर्मचारी फिल्म कापतो, वरचं टोपण उचलतो, आणि गिऱ्हाईक थेट पॅलेटवरून माल घेतं. म्हणजे पॅलेट हेच दुकानाचं मांडणीचं फर्निचर. बॉक्स प्रवासात पूर्ण बंद असतो, पण दुकानात त्याच बॉक्सची समोरची भिंत फाडून खिडकी करायची असते. भिंत गेली, की राहिले ते कोपरे. आणि तुम्ही दर थराला बॉक्स फिरवला असेल तर अर्ध्या थरांच्या खिडक्या आतल्या बाजूला तोंड करून बसतात. छापलेलं सुंदर नाव पॅलेटच्या पोटात.

म्हणून “आधी डिझाइन करू, नियमांत नंतर बसवू” हा क्रम मला पटत नाही. चित्रकाराने आधी खिडकी काढली आणि ती कोपऱ्यापर्यंत नेली, तर पुढचा कुठलाही इंजिनिअर ती वाचवू शकत नाही. आधी ठरवायचं की भार कोण घेणार : माल की बॉक्स. काचेची बरणी किंवा पत्र्याचा डबा वरचा भार स्वतः घेऊ शकतो, तिथे ट्रे हलका चालतो. पाउच आणि मऊ प्लॅस्टिक काहीच घेत नाही, तिथे कोपरे जाड हवेत, खिडकी लहान हवी. रंग, लोगो, मॉडेलचा हसरा चेहरा हे सगळं त्यानंतर.

बाकीचे समज थोडक्यात उरकतो.

“सात प्लाय घेतला की प्रश्न मिटला.” मिटत नाही. प्लायच्या, म्हणजे कागदाच्या थरांच्या, संख्येपेक्षा पुठ्ठ्याची उभी कड किती दाब घेते ते महत्त्वाचं. मॅकी आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये बॉक्सची ताकद काढायचं सूत्र दिलं, त्यात कडेची ही ताकद, पुठ्ठ्याची जाडी आणि बॉक्सचा घेर येतो. फुटण्याची ताकद, जिला आपला बॉक्सवाला अजून बर्स्टिंग म्हणून मिरवतो, ती येत नाही. कोटेशनमध्ये जीएसएम (कागदाचं वजन) आणि बीएफ (बर्स्ट फॅक्टर) लिहिलेलं असतं. तुम्ही ईसीटी, म्हणजे कडेची ती ताकद, आणि बॉक्स कॉम्प्रेशनचे आकडे मागा.

“बाराशे बाय हजारचं पॅलेट आणि 48 बाय 40 एकच.” नाही. 48 बाय 40 इंच म्हणजे 1219 बाय 1016 मिलिमीटर. युरोपला द्राक्षं पाठवून नाशिककरांच्या हाताला 1200 बाय 1000 ची सवय आहे. अमेरिकन मापाने काठोकाठ बसणारे बॉक्स त्यावर ठेवले तर कडा बाहेर लटकतात. लटकलेल्या बॉक्सची 20 ते 40 टक्के ताकद जाते, वरच्या हिशेबातून ती वेगळी वजा करा.

“पॅलेट म्हणजे पॅलेट.” कॉस्टकोने 2011 पासून ब्लॉक पॅलेटचा आग्रह धरला. त्यात नऊ ठोकळे असतात आणि ट्रॉली चारी बाजूंनी आत जाते. तीन लांब पट्ट्यांच्या पॅलेटला तेवढी मोकळीक नसते. ऑर्डर घेतानाच विचारा.

“फ्युमिगेशनचा शिक्का 21 दिवसांत संपतो.” मालाच्या धुरीचं प्रमाणपत्र वेगळं, लाकडाचा शिक्का वेगळा. आयएसपीएम 15 या आंतरराष्ट्रीय नियमाखालच्या शिक्क्याला मुदत नसते, पॅलेटची दुरुस्ती झाली तर मात्र प्रश्न येतो. आणि शिक्का म्हणजे धूरच असंही नाही. एचटी लिहिलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवलेलं आहे. नुसत्या प्लायवुडच्या किंवा पुठ्ठ्याच्या पॅलेटला हा शिक्का लागतच नाही.

“फिल्मचे चार वेढे जास्त द्या.” फिल्म माल घसरू देत नाही, वजन उचलत नाही. फार आवळली तर वरच्या बॉक्सचे कोपरे तीच चेपते.

“डी-मार्ट म्हणजे आपला कॉस्टकोच.” डी-मार्टला वर्गणी नाही, कॉस्टकोत साधी वार्षिक वर्गणीच सप्टेंबर 2024 पासून 65 डॉलर आहे. मेट्रो कॅश अँड कॅरी 2003 मध्ये भारतात आली ती नोंदणीकृत व्यापाऱ्यांसाठी, पुढे ती रिलायन्सने घेतली. या दुकानांत चाललेली मांडणी क्लबमध्ये चालेल असं धरून चालू नका.

शेवटी, जे लोक मला “एकदा नियमांचा कागद पाठवा ना” म्हणतात त्यांच्यासाठी : असा सगळ्यांना चालणारा एक कागद नसतो. पॅलेटसकट उंची किती, वजन किती, किती बाजूंनी माल काढता आला पाहिजे, हे प्रत्येक साखळी स्वतः ठरवते आणि बदलत राहते. तुमच्या बायरकडून त्या वर्षीची पुस्तिका लेखी मागून घ्या, इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या फायलीवर साचा काढू नका. सॅम्स क्लबसाठी तर इस्टा या संस्थेची त्या साखळीच्या नावाचीच वेगळी चाचणी आहे. आणि तिकडे पाठवण्याआधी इथे तपासा : इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगची मुंबईत अंधेरीला प्रयोगशाळा आहे, चेन्नईतही केंद्र आहे. नमुना नेताना रिकामा बॉक्स नेऊ नका. भरलेला, खिडकी कापलेला आणि जिथे भरणार तिथल्या पावसाळ्यात ठेवलेला न्या.